टिकल्यांच्या पिस्तुलापासून मेदुसापर्यंत

दिवाळी आली की घरातला सर्वांत धाकटा पुरुष हत्यारबंद होतो, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. चार दिवस टिकल्यांचे पिस्तूल कमरेला, तांबड्या टिकल्यांची गुंडाळी खिशात आणि दाराआडून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नेम! आजोबा वर्तमानपत्र वाचता वाचता दिवसातून दहा वेळा धारातीर्थी पडतात आणि चहा आला की पुन्हा उठून बसतात. या लढाईत कोणी कोणाचे वाईट चिंतीत नाही. टिकल्या संपल्या की तह होतो आणि तुळशीच्या लग्नापर्यंत पिस्तुलाचा घोडा मोडून ते माळ्यावर जाऊन पडते.

अलीकडे मात्र हे पिस्तूल बारा महिने चालू राहू लागले आहे. त्यातल्या टिकल्या संपत नाहीत, घोडा मोडत नाही आणि समोर आजोबांच्या जागी एक डोळ्याचा राक्षस येतो. तो राक्षस पुन्हा आपल्या ओळखीचा नव्हे. तो ताडकेच्या गोतातला नाही की बकासुराच्या. तो आला आहे थेट ग्रीस देशातून, अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या पुराणकथांतून. आणि तो उतरला आहे आमच्या आष्टीतल्या पोरांच्या हातातल्या मोबाइल फोनवर.

मी आष्टीला शिक्षक आहे. महाराष्ट्रात आष्टी नावाची गावे बरीच आहेत. वर्धा जिल्ह्यातली आष्टी १९४२ च्या हुतात्म्यांमुळे सर्वांना ठाऊक असते. आमची आष्टी बीड जिल्ह्यातली, पण तोंड नगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे करून बसलेली. पाऊस कमी, दगड पुष्कळ आणि माणसे कष्टाळू. आगगाडीची वाट आमच्या तीन पिढ्यांनी पाहिली. ती सप्टेंबर २०२२ मध्ये एकदाची आली. झ्यूस आणि त्याचे गणगोत मात्र रूळ पडण्याची वाट न पाहता त्याआधीच गावात येऊन पोहोचले होते!

प्रथम पुरुषी एकवचनी बंदूक

ज्या वाचकांनी हा खेळ पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडे वर्णन करतो. या जातीच्या खेळाला 'फर्स्ट पर्सन शूटर' असे नाव आहे. व्याकरणातला प्रथम पुरुष येथे बंदूक घेऊन उभा असतो. खेळणाऱ्याला स्वतःचे तोंड दिसत नाही, पाय दिसत नाहीत. पडद्याच्या खालच्या कडेतून फक्त दोन हात पुढे आलेले दिसतात आणि त्या हातांत एक हत्यार. बाकी सारे जग म्हणजे समोरचे लक्ष्य.

त्यात पुन्हा 'आर्केड' पद्धत म्हणजे झटपट मामला. पूर्वी परदेशात पैसा टाकून खेळायच्या यंत्रांची दालने असत, त्यांना आर्केड म्हणत. नाणे टाकणाऱ्याला लांबलचक कथा ऐकायला सवड नसे, आणि यंत्राच्या मालकाला ती ऐकवण्यात लाभ नसे. म्हणून राक्षसांची एक लाट येते, ती मारावी, गुण मिळवावेत. मग दुसरी लाट, पहिलीहून मोठी. बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर अंगावर धावून येतो. केसांच्या जागी साप असलेली मेदुसा खांबाआडून निघते. तीन डोक्यांचा सर्बेरस कुत्रा यमलोकाच्या दारावर गुरगुरतो. बोट हलवले की राक्षस फुटतो, त्याच्या जागी सोन्याची नाणी सांडतात आणि आपला जमाखर्च वाढतो. माझ्या वर्गातला सातवीतला एक मुलगा मला हे सारे समजावून देत होता तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे तेज होते ते अपूर्णांकांच्या तासाला मी कधी पाहिले नव्हते.

जत्रेतली बंदूक मोठी झाली

हा खेळ आभाळातून पडला असे मात्र समजू नये. त्याचा आजोबा आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. जत्रेत पाळण्याच्या शेजारी फळीवर रंगीत फुग्यांच्या रांगा लावलेल्या असतात, समोर दोरी बांधलेली असते आणि छऱ्याची बंदूक भाड्याने मिळते. आमच्याकडे फाल्गुनात जवळच्या मढीला कानिफनाथांची यात्रा भरते, तिथे गाढवांचा बाजार पाहून झाला की पोरांची पावले या फळीकडे वळतात. फुगा फुटला की 'फट्' असा आवाज, बघ्यांची वाहवा आणि खिशातला आणखी एक रुपया गेला! आजचा सारा खेळ बीजरूपाने तिथे हजर आहे: लक्ष्य, नेम, आवाज, मोजदाद आणि 'आणखी एकदाच' ही भूक.

या फळीला यंत्राची जोड अमेरिकेत मिळाली. १९३६ मध्ये सीबर्ग नावाच्या कंपनीने 'रे-ओ-लाइट' नावाचे एक यंत्र काढले. त्यात बंदुकीतून छऱ्याऐवजी प्रकाशाचा किरण सुटे, आणि पुढून सरकणाऱ्या बदकावर तो पडला की बदकातल्या प्रकाश ओळखणाऱ्या नळीमुळे बदक खाली पडे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातल्या तरुणांनी संगणकावर अवकाशयानांची लढाई रचली. १९७८ मध्ये जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' तयार केला, आणि रांगारांगांनी खाली उतरणाऱ्या शत्रूने साऱ्या जगाला वेड लावले. पुढे १९९२ मध्ये 'वोल्फेनस्टाइन थ्री-डी' आणि १९९३ मध्ये 'डूम' आला. त्यांनी नेमबाजाला पडद्याच्या बाहेरून उचलून थेट पडद्याच्या आत नेऊन उभे केले. 'डूम'मधले शत्रू तर नरकातून येणारे पिशाच्च होते. तेव्हापासून पुराण आणि बंदूक यांची जी सोयरीक जुळली ती आजतागायत तुटलेली नाही.

ग्रीकच का?

मुलांना मी विचारले, "अरे, राक्षसच मारायचे तर ग्रीसपर्यंत कशाला जायचे?" उत्तर कोणालाच देता आले नाही. मी विचार केला तेव्हा मला तीन कारणे सापडली.

पहिले, ग्रीकांचा प्रत्येक राक्षस एकेका युक्तीचा धनी आहे. हायड्राचे एक डोके कापले तर त्या जागी दोन उगवतात. मेदुसाकडे पाहिले की माणसाचा दगड होतो. सायक्लॉप्सला एकच डोळा, तेवढा फोडला की तो आंधळा. खेळ रचणाऱ्याला आणखी काय हवे? कोडे तयार, उत्तरही तयार. दुसरे, त्यांचे वीर हत्यारे गोळा करीत फिरतात. पर्सियसला अथीनेकडून आरशासारखी ढाल मिळाली, हर्मीसकडून कोयता मिळाला. शिवाय उडते जोडे, अदृश्य करणारी टोपी आणि मुंडके ठेवायला पिशवीसुद्धा! ही यादी वाचून माझा विद्यार्थी म्हणाला, "सर, ह्यो तर डिट्टो गेम आहे."

तिसरे कारण थोडे नाजूक आहे. ग्रीसच्या त्या देवांची देवळे ओस पडून शेकडो वर्षे लोटली. झ्यूसला कोणी काहीही म्हटले तरी उद्या सकाळी त्याच्या नैवेद्याला कोणी मुकणार नाही. आपले देव मात्र कामावर आहेत. त्यांची रोज सकाळी पूजा होते, संध्याकाळी आरती होते. त्यांना बाजारू खेळात उतरवायला कोणीही दहादा विचार करील.

म्हणून 'किड इकारस' (१९८६) आणि 'आल्टर्ड बीस्ट' (१९८८) या जपानी खेळांपासून ग्रीक देव पडद्यावर राबत आहेत. 'गॉड ऑफ वॉर' (२००५) आणि 'हेडीझ' (२०२०) यांनी त्यांना घरोघर नेले, तर 'पेरिश' (२०२३) या नेमबाजीच्या खेळात खेळणाऱ्याला ग्रीकांच्या मृत्यूलोकातच बंदूक देऊन उभे केले आहे.

ही ग्रीक मंडळी महाराष्ट्रात प्रथमच येत आहेत असेही नाही. कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात जुन्या वस्तूंचा जो साठा सापडला, त्यात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक छोटी कांस्यमूर्ती होती. सातवाहनांच्या काळात व्यापाराच्या वाटेने ती इथवर आली. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासपुस्तकात आमच्या मराठवाड्यातल्या पैठणचे आणि तेरचे नाव आहे. कार्ल्याच्या लेण्यात यवनांनी दान दिलेले खांब आजही उभे आहेत. तेव्हा पाहुणा जुनाच आहे. फक्त पूर्वी तो मूर्ती घेऊन आला होता, आता बंदूक घेऊन आला आहे.

आजीचा प्रश्न

इथवर सारी मौज होती. पण एके दिवशी शाळा सुटल्यावर त्याच मुलाची आजी पदर सावरीत शाळेच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

शहरातल्या वाचकांना सांगितले पाहिजे की, दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसे ऊस तोडायला बाहेर पडतात. कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगमेहनतीने फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला या धंद्यात एक 'कोयता' म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराचे नाव पडावे, ही गोष्ट मला नेहमी टोचते. उन्हाळ्याच्या तोंडाशी हंगाम संपेपर्यंत घरी राहतात म्हातारीकोतारी आणि शाळेतली मुले. मग आई-बाप जाताना घरात एक फोन ठेवून जातात. त्या फोनमधून रात्री त्यांचा आवाज येतो.

आजी म्हणाली, "गुर्जी, काल लेकाचा फोन आला. दिसभर मोळ्या वाहून, गाडी भरून, रातच्याला त्यानं फोन लावला. ह्यानं तोडला. पुन्यांदा लावला, पुन्यांदा तोडला. का, तर म्हणे राक्षस अंगावर आला व्हता. तिकडं त्यो घाबरला, म्हातारीचं काय बरंवाईट झालं का म्हणून. आता सांगा, ह्यो फोन काढून घिऊ का? काढला, तर लेकराला माय-बापाचा आवाज कुठून ऐकवू?"

शहरातल्या घरात हा प्रश्न इतका अवघड नसतो. तिथे फोन काढून घेतला तरी बाप संध्याकाळी दाराची घंटा वाजवतो. इथे राक्षसही त्याच पेटीत आणि बापही त्याच पेटीत! एकाला बंद केले की दुसराही बंद होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अतिरेकी व्यसनाला आपल्या रोगांच्या यादीत जागा दिली आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटणे, इतर सारी कामे मागे पडणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालूच राहणे, हे सर्वसाधारणपणे वर्षभर घडावे लागते. आमचा मुलगा काही आजारी नव्हता. अंधार पडल्यावर घर रिकामे वाटते, आणि त्या रिकाम्या घरात गर्दी करणारे राक्षससुद्धा सोबतीसारखे वाटतात, एवढेच त्याचे दुखणे. मी आजीला म्हटले, "फोन राहू द्या. राक्षसांशी मी बोलतो."

सोडलेला बाण परत येतो

दुसऱ्या दिवसापासून मी मुलांशी एक ठराव केला. ज्या राक्षसाला ते रात्री मारतील त्याची गोष्ट दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सांगायची.

मिनोटॉर आला. मी सांगितले की त्याला नाव होते, अ‍ॅस्टेरियस, म्हणजे ताऱ्यांचा. तो राजवाड्यात जन्मला, आणि बैलाचे तोंड घेऊन जन्मला म्हणून राजाने त्याला चक्रव्यूहासारख्या घरात कोंडून ठेवले. मेदुसा आली. मी सांगितले की तिच्या नावाचा अर्थ राखणदारीण असा आहे. रोमन कवी ऑव्हिडच्या कथेत ती मुळात सुंदर केसांची मुलगी होती. समुद्रदेवाने देवळात तिच्यावर अत्याचार केला आणि शाप मात्र तिलाच मिळाला. ग्रीक लोक तिचा मुखवटा ढालीवर आणि देवळावर लावीत. कोर्फू बेटावरच्या आर्टेमिसच्या देवळाच्या दर्शनी भागावर तो अडीच हजार वर्षांपूर्वी कोरला होता. आपल्या जुन्या देवळांच्या उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचे कीर्तिमुख असते, तसेच ते. राक्षस दाराशी बसला की वाईट आत येत नाही, ही समजूत दोन्हीकडे सारखीच. मुलाने ही गोष्ट घरी जाऊन सांगितली तेव्हा आजी म्हणाली म्हणे, "आगं बाई! देवळातच घात झाला व्हय तिचा? मग तिला कशाला मारतूस रं?"

आणि मला सर्वांत विलक्षण वाटते ती गोष्ट ही: मेदुसा हा एकच शत्रू असा, की ज्याच्यावर डोळे रोखून नेम धरता येत नाही. पर्सियसने ढालीतले प्रतिबिंब पाहून घाव घातला. द्रौपदीच्या स्वयंवरात खाली पाण्यातले प्रतिबिंब पाहून वरचा मासा भेदणारा अर्जुन आपल्या लोककथेत आहेच. जो खेळ 'पाहा आणि मारा' एवढेच शिकवतो, त्याच्या मूळ कथेत 'पाहू नकोस, आधी आरशात बघ' असा सल्ला आहे!

मग हेराक्लीस आला. त्याने हायड्राला मारले आणि आपले बाण तिच्या विषात बुडवून घेतले. खेळात असे बाण मिळाले की मुले नाचतात. पण कथा पुढे काय सांगते? त्यांतला एक बाण चुकून कायरॉनला लागला. हा कायरॉन अर्धा घोडा, अर्धा माणूस. अनेक वीरांचा गुरू. तो अमर होता, त्यामुळे मरण येईना आणि वेदना थांबेना. दुसरा बाण नेसस नावाच्या दुष्टाला लागला. मरता मरता त्याने आपले विषारी रक्त हेराक्लीसच्या बायकोला दिले, 'नवऱ्याचे प्रेम आटले तर त्याच्या वस्त्राला लाव' असे सांगून. तिने भोळेपणाने ते लावले, आणि आपल्याच बाणाच्या विषाने हेराक्लीस जळाला. खेळातला बाण शत्रूला लागून नाहीसा होतो. गोष्टीतला बाण फिरून फिरून घरी येतो.

गडावरची गोष्ट

आमच्या तालुक्यात सावरगावजवळ मायंबा म्हणून गड आहे. मच्छिंद्रनाथांची संजीवन समाधी तिथे आहे, अशी लाखो भाविकांची श्रद्धा आहे. 'नवनाथ भक्तिसार' हा मालू कवीचा ग्रंथ १८१९ सालचा, चाळीस अध्यायांचा. आमच्याकडे श्रावणात घरोघर त्याचे पारायण होते. त्यात अस्त्रांची इतकी रेलचेल आहे की कोणत्याही खेळवाल्याने हेवा करावा. अग्न्यस्त्र, पर्वतास्त्र, वाताकर्षणास्त्र, आणि सारे काही चिमूटभर भस्मातून!

त्यातली एक कथा मी मुलांना सांगितली. रामेश्वराला मारुतीची आणि मच्छिंद्रनाथांची गाठ पडली, शब्दाला शब्द लागला आणि लढाई जुंपली. मारुतीने डोंगरांमागून डोंगर फेकले. नाथांनी ते आकाशातच थोपवले आणि शेवटी मंत्राने मारुतीलाच जागच्या जागी खिळवून टाकले. खेळ असता तर इथे ढोल वाजून नाणी सांडली असती. पण मारुतीचा बाप वायुदेव धावत आला आणि त्याने आपल्या मुलाला सोडण्याची विनंती केली. नाथांनी अस्त्र आवरले. दोघे एकमेकांचे मित्र झाले. बापाच्या एका शब्दावर लढाई थांबली.

महाभारताचा शेवटही असाच एका अस्त्राशी येऊन ठेपतो. अश्वत्थाम्याने ब्रह्मास्त्र सोडले, अर्जुनानेही सोडले. दोन्हींच्या मध्ये व्यास आणि नारद उभे राहिले. अर्जुनाने आपले अस्त्र मागे घेतले. अश्वत्थाम्याला ते घेता येईना; त्याने ते उत्तरेच्या गर्भावर सोडले. दोघेही एकाच गुरूचे शिष्य, दोघांचाही नेम अचूक. फरक एवढाच की एकाला आवरता येत होते. अस्त्र सोडणे ही अर्धी विद्या आहे. उरलेली अर्धी ते परत घेण्यात आहे.

मुले थोडा वेळ गप्प बसली. मग एकाने विचारले, "सर, गेममध्ये मागं घ्यायचं बटण का नसतं?" हा प्रश्न खेळ तयार करणाऱ्या एखाद्या विद्वानाने विचारला असता तरी मला त्याचे कौतुक वाटले असते.

पुण्याची राजी

असे खेळ तयार करणारे आता आपल्याकडेही आहेत. पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' या छोट्या मंडळीने ऑगस्ट २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. तो प्रथम पुरुषी बंदुकीचा नव्हे. त्यात आपल्याला नायिका अखंड दिसते. राजी ही खेळ करून पोट भरणारी मुलगी. असुरांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाला शोधायला ती निघते. दुर्गेचा त्रिशूळ आणि विष्णूचे धनुष्य तिला मिळते. मधली कथा छायाबाहुल्यांच्या खेळातून उलगडते. लोकवर्गणी गोळा करण्याचा त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता. तरी त्याच वर्षी जगातल्या उत्तम नवोदित खेळांच्या नामांकनात 'राजी'चे नाव आले. पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने 'मास्कगन' हा नेमबाजीचा खेळ केला, आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये भारतीय कल्पनेतल्या भविष्यकाळावर 'इंडस' आणला.

मला 'राजी'तले एक आवडते. त्या मुलीच्या हातात हत्यार आहे, पण हत्यारासाठी ती बाहेर पडलेली नाही. ती भावासाठी बाहेर पडली आहे. हत्याराच्या मागे माणूस दिसला की खेळाला गोष्टीचे अंग येते. मुलांनी काय खेळावे, हे निवडताना पालकांनी एवढे जरी पाहिले तरी पुष्कळ झाले.

धनुष्य आणि मुलगा

हंगाम निम्मा संपला तेव्हा मी वर्गाला ओडिसियसची गोष्ट सांगितली. तो वीस वर्षे घराबाहेर होता. दहा वर्षे युद्धात, दहा वर्षे परतीच्या वाटेवर. होमरचे हे महाकाव्य चोवीस सर्गांचे आहे, आणि पहिले चार सर्ग बापाचे नाहीत, मुलाचे आहेत. टेलेमाकस नावाचा तो मुलगा बापाची वाट पाहतो आहे. घरात उपटसुंभांनी ठाण मांडले आहे. माझ्यासमोर बसलेल्यांपैकी निम्म्या मुलांना वाट पाहणे म्हणजे काय हे शिकवण्याची गरज नव्हती. त्या दिवशी कोणी चुळबूळसुद्धा केली नाही.

शेवटी नेमबाजीची परीक्षा ठरते. ओडिसियसचे जुने धनुष्य वाकवून दोरी चढवायची आणि बारा कुऱ्हाडींमधून बाण पार करायचा. टेलेमाकस पुढे होतो. तीन वेळा जोर लावतो, तीनदा धनुष्य दाद देत नाही. चौथ्या वेळी ते वाकणार, इतक्यात भिकाऱ्याच्या वेषात बसलेला बाप मान हलवून 'नको' अशी खूण करतो. आणि मुलगा धनुष्य खाली ठेवतो. अंगात बळ असताना, हातात यश आलेले असताना ठेवतो. मग बाप उठतो, दोरी चढवतो आणि बाण बाराही कुऱ्हाडींतून पार जातो.

मी कोणाकडे पाहून बोललो नाही आणि तात्पर्यही सांगितले नाही. गोष्टीला तात्पर्याची शेपटी जोडली की मुलांचा तिच्यावरचा विश्वास उडतो, असा माझा अनुभव आहे.

पुढच्या आठवड्यात आजी बाजारात भेटली. म्हणाली, "गुर्जी, काल लेकाचा फोन आला तवा पोरगं खेळतच व्हतं. समदे राक्षस अंगावर आले व्हते म्हणे. तरी त्यानं ते तसंच सोडलं आन् बापाशी बोललं. मेलं म्हणे खेळात." एवढे बोलून ती हसली.

खेळ सुटला का? मुळीच नाही. तो मुलगा आजही खेळतो आणि मला वाटते, चांगला खेळतो. फक्त आता त्याला राक्षसांची नावे ठाऊक आहेत, आणि लढाई अर्धी टाकून उठणे ही हार नव्हे हेही.

या दिवाळीत आपल्या घरी लाडू, करंज्या, शंकरपाळे होतील. त्या फराळातली साखर ज्या उसाची, तो तोडायला आमच्याकडची माणसे एव्हाना निघालीही असतील. त्यांच्या मुलांजवळ फोन आहे, तसा आपल्याही मुलांजवळ आहे, राक्षसही तेच. आपल्या घरात मात्र एक सोय जास्त आहे. आपण मुलांच्या शेजारी बसू शकतो. फराळाची ताटली मधे ठेवून एकदा विचारून पाहा, "हा कोण रे मारलास आत्ता? त्याचे नाव काय?" मुलाला ठाऊक नसेल तर आपण सांगावे. आपल्यालाही ठाऊक नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. त्या शोधात निम्मी संध्याकाळ निघून जाईल, आणि तेवढा वेळ बंदूक आपोआप खाली राहील.